प्रोग्रॅम उघडताच आपोआप चालणारी आज्ञावली

संगणकावरील एखादा प्रोग्रॅम सुरू होताच, वापरणाऱ्याने काहीही न दाबता, आधी लिहून ठेवलेल्या आज्ञा क्रमाने पार पाडण्याची सोय अनेक प्रोग्रॅममध्ये असते. अशा आज्ञांच्या संचाला स्क्रिप्ट म्हणतात. कार्यालयीन प्रोग्रॅममध्ये तिचे रूढ नाव मॅक्रो. जुन्या डॉस प्रणालीत ‘ऑटोएक्झेक.बॅट’ ही फाइल संगणक चालू होताच चालत असे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘ऑटोएक्झेक’ याच नावाचा मॅक्रो आहे. मात्र तो संगणकाबरोबर नव्हे, वर्ड उघडल्यावर चालतो.

या सोयीचे मोल सीमाभागात विशेष जाणवावे. मध्य प्रदेशात, नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या सौंसर तालुक्यातील लोधीखेडा परिसरात घरात मराठी बोलली जाते, तर सरकारी कारभार हिंदीत चालतो. तेथील टंकलेखकापुढे सकाळी हिंदी अर्ज आणि दुपारी मराठी लग्नपत्रिका येऊ शकते. लिपी एकच, पण तपासणी हिंदीची असेल तर निर्दोष मराठी शब्दांखालीही तांबडी रेघ उमटते. भाषा आणि फॉन्ट प्रत्येक वेळी हाताने बदलण्याऐवजी हे काम मॅक्रोवर सोपवता येते.

येथे एक खाचखळगा आहे. ‘ऑटोएक्झेक’ चालतो त्या क्षणी कोणताही दस्तऐवज उघडलेला असेलच असे नाही. त्यामुळे मजकुराशी संबंधित आज्ञा त्यात अडखळतात. फाइलींचा नेहमीचा फोल्डर ठरवण्यासारखी कामे त्यात ठेवावीत. भाषा व फॉन्ट यांसाठी नवा दस्तऐवज तयार होताना चालणारा ‘ऑटोन्यू’ बरा. लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’ मेनूतील ‘कस्टमाइझ’च्या ‘इव्हेंट्स’ विभागात मॅक्रो ‘स्टार्ट ॲप्लिकेशन’ या घटनेशी जोडता येतो.

जी वाट सोयीची, तीच घुसखोरीची ठरली. 1995 साली ‘कॉन्सेप्ट’ या विषाणूने दस्तऐवज उघडताच चालणाऱ्या ‘ऑटोओपन’चा आधार घेतला आणि वर्डच्या मूळ साच्यात मुक्काम ठोकला, मग तेथून जतन होणाऱ्या इतर फाइलीही बाधित होऊ लागल्या. मार्च 1999 मधील ‘मेलिसा’ने पुढची मजल मारली : ती आउटलूकमधील पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला पाठवीत असे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये, म्हणजे बराच उशिरा, अमलात आणला.

वर्ड उघडताना शिफ्ट कळ दाबून धरल्यास ‘ऑटोएक्झेक’ चालत नाही. स्वतः लिहिलेला मॅक्रो बिघडला, तरी वर्डमध्ये शिरून तो दुरुस्त करण्याचा हाच सोपा मार्ग.