कायद्यातून पुसलेला दुष्काळ

वाशीमच्या टंचाईचा इतिहास शोधताना मला आकड्यांपेक्षा एका शब्दाने जास्त अडवले. तो शब्द म्हणजे 'दुष्काळ'.

1880च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळसंहिता केल्या. दुष्काळी कामे काढायची, अशक्तांना फुकट अन्न द्यायचे, असा क्रम ठरला. वाशीम तेव्हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. 1899-1900च्या दुष्काळात वऱ्हाडातही अशी कामे निघाली. पण ती सरकारच्या मर्जीची. काम मागण्याचा हक्क रयतेला नव्हता.

1963 साली महाराष्ट्राने राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळणारा स्वतंत्र कायदाच केला. सरकार पीकपरिस्थितीवर सतत लक्ष ठेवते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू करते. तेव्हा दुष्काळाला वाव नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. कागदावर टंचाई उरली.

नऊच वर्षांनी 1972 उजाडले. मुख्यमंत्री होते वाशीमच्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक. राज्यभर लाखो माणसे खडी फोडायला बसली, पोरांनी सुकडी खाल्ली. 'बहात्तरची टंचाई' असे आजही कुणी म्हणत नाही. म्हणतात तो 'बहात्तरचा दुष्काळ'च.

त्या होरपळीतून खरा बदल झाला. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारभत्ता. पैशासाठी 1975 सालीच व्यवसाय कर बसवला होता. म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराची हमी उभी राहिली. 2005 साली संसदेने रोजगार हमीचा कायदा करून हे तत्त्व देशभर नेले. त्याच वर्षीच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आणली.

शब्दांचा घोळ मात्र संपला नाही. 2015 साली शासनाने 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर केली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मे 2016 मध्ये 'सदृश' गळून 'दुष्काळ' परत आला.

शेतसाऱ्यातली सूट, परीक्षा शुल्काची माफी, पंपाच्या वीजबिलातली सवलत, कर्जाचे पुनर्गठन या गोष्टी शासनाने परिस्थिती जाहीर केल्यावरच मिळतात. 1977च्या कायद्यात काम मागायला तशा घोषणेची गरज नव्हती. मजुराचा अर्ज पुरे होता. आपत्तीच्या कोणत्याही नव्या कायद्याकडे मी म्हणूनच एका प्रश्नाने पाहतो: यात सुरुवात कुणाच्या हाती आहे, सरकारच्या की संकटात सापडलेल्या माणसाच्या?