वाट पाहणारी उपासना

नेऱ्याच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी पवना-मुळेच्या पात्रात जातो, पुण्याच्या संगमावर मुठेला भेटतो आणि पूर्वेकडे वाहत वाहत अखेर भीमेत मिसळतो. मुळा-मुठा आणि भीमा जिथे एक होतात तिथून काही कोस दक्षिणेला, दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कडेला केडगाव आहे. आमच्या मुळशीकडचे पाणी केडगावच्या वाटेने आपोआप जाते. आमचे कुतूहल मात्र तिथवर क्वचितच गेले. पंडिता रमाबाईंचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी विधवांना आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींना आसरा दिला, हेही शाळेच्या पुस्तकांतून कळते. पण त्या आश्रमात पहाटे आणि दिवेलागणीला कसली प्रार्थना चाले, आणि त्या हजारो बायका कोणाची वाट पाहत होत्या, हे विचारण्याचा प्रसंग सहसा येत नाही. तो प्रश्न आम्ही आज घेतला आहे.

वाट पाहणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मात्र आपल्याकडे वाट पाहतो तो देव. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर विठ्ठल युगानुयुगे उभा आहे, भक्त आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे जातात. ख्रिस्ती उपासनेत हे चित्र उलटे होते. तिथे भक्त थांबलेला आहे आणि प्रभू यायचा आहे. येशू मरणातून उठला, स्वर्गात गेला आणि पुन्हा येणार, अशी पहिल्या शिष्यांची श्रद्धा होती. त्यांच्या तोंडचा एक अरामी शब्द पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तसाच ठेवला आहे : मारानाथा. त्याचा अर्थ, आमच्या प्रभू, ये. त्याच पत्रात भाकर आणि प्याल्याच्या विधीसंबंधी पौल सांगतो, की प्रभू येईपर्यंत हा विधी म्हणजे त्याच्या मरणाची घोषणा आहे. म्हणजे ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनाला बसते तेव्हा मागची आठवण आणि पुढची आशा एकाच ताटात असते. दोहोंपैकी एक काढून घेतली तर त्या उपासनेला अर्थ उरत नाही.

आता या आशेत एक धोकाही आहे, आणि तो फार जुना आहे. थेस्सलनीका गावच्या मंडळीत काही जणांनी धनी आता येतोच आहे म्हणून कामधंदा सोडला, तेव्हा पौलाला त्यांना चांगलेच खडसवावे लागले. ज्याला काम नको त्याला जेवणही नको, असा त्याचा रोखठोक निवाडा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकऱ्याने बायबलातील आकड्यांचा हिशेब मांडला, आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून ठेवली. कित्येकांनी उभी पिके कापली नाहीत. तो दिवस उजाडला आणि मावळला. ज्यांनी तारीख धरली ते तारखेबरोबर कोसळले; त्यांच्यातल्या काहींना पुढे पुष्कळ वर्षे आपली श्रद्धा नव्याने बांधावी लागली. तेव्हा येणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांनी मधला वेळ कसा घालवावा, हा ख्रिस्ती इतिहासातला मोठाच प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात देण्यात आले, असे आमचे मत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे विद्वान. हे सारे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे, देवळांत पुराणे वाचून मिळेल त्यावर राहत असे. देव भेटावा म्हणून उपास झाले, दाने झाली, होते नव्हते ते सारे संपले; आणि दक्षिणेतल्या दुष्काळात आईबाप व थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढी उरली. प्रतीक्षा म्हणजे काय आणि भूक म्हणजे काय, हे बाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे कलकत्त्याला १८७८ मध्ये त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या, विवाह झाला, लवकरच वैधव्य आले, आणि १८८२ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, त्यांच्याच मंडळींनी बाईंचे स्वागत केले. आर्य महिला समाज निघाला तो याच काळात.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या कोणाच्या आज्ञेत गेल्या असे झाले नाही. तिथल्या भगिनींनी दिलेल्या क्रुसावरची लॅटिन अक्षरे त्यांना मानवली नाहीत. मला न समजणाऱ्या भाषेत का, संस्कृतात का नको, असा त्यांचा वाद होता. उपासना आपल्या भाषेत आणि आपल्या समजुतीने झाली पाहिजे, हा आग्रह त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. मराठीला यात परके वाटावे असे काही नव्हते; गोव्यात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्येच ओव्यांत छापले गेले होते.

मुंबईस ११ मार्च १८८९ रोजी शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. ठरले होते ते असे, की सदनात कोणाला धर्म शिकवायचा नाही. बाईंनी तो शब्द आपल्या परीने पाळला; पण स्वतःची प्रार्थना त्या दार उघडे ठेवून करीत, आणि मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. गावात गवगवा झाला, केसरीने टीकेची झोड उठवली. दार लावून घ्या, एवढीच मागणी होती. बाईंनी दार लावले नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकर प्रभृतींनी राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. पालकांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. उघड्या दाराचाही परिणाम होतो, आणि बाईंना तो कळत नव्हता असे मानणे त्यांच्या बुद्धीला कमीपणा आणणारे होईल. पण पुण्यातला सगळा मान आणि आधार पणाला लागला असताना ज्या बाईने आपली उपासना लपवली नाही, तिची निष्ठा कोणत्याही धर्माच्या माणसाला ओळखता येईल.

१८९६ साली लोणावळ्याच्या एका ख्रिस्ती शिबिरात बाई आपल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. तिथे त्यांनी एक विलक्षण मागणे मागितले : या पंधरांचा वर्ग व्हावा, पुढच्या शिबिरापर्यंत दोनशे पंचवीस व्हाव्यात. संस्कृत पंडितेने देवाकडे गणिताच्या भाषेत मागावे, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. वर्ष सरते न सरते तोच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ, नवी माणसे शहरात आणण्यास बंदी. म्हणून केडगावला घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तीच मुक्ती. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथल्या बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

१९०५ च्या आरंभी बाईंनी सुमारे सत्तर जणींची एक प्रार्थनामंडळी जमवली. रोज सकाळी भेटायचे आणि आपल्यासह देशातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे मनपरिवर्तन व्हावे म्हणून मागायचे. वेल्समध्ये १९०४ पासून मोठे संजीवन चालू होते, खासी टेकड्यांतही त्याची लाट आली होती. त्या वार्ता केडगावी पोहोचत होत्या. सहा महिने असे गेले. जून संपत आला, आषाढ तोंडावर होता. देहूच्या पालखीचा रस्ता यवत-वरवंडावरून, म्हणजे केडगावच्या जवळूनच जातो. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात आग उतरल्यासारखे झाले, आणि शेजारची मुलगी खरोखरच आग लागली असे समजून पाण्याची बादली आणायला धावली, अशी आठवण मिनी एब्रम्स या तिथल्या अमेरिकन सहकारी बाईंनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत असता सारी सभा एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागली. त्यांना बोलणे थांबवावे लागले. मुली रडत होत्या, आपले अपराध उघड सांगत होत्या, मग गात होत्या.

हे पाहून पुष्कळ मिशनरी मंडळी बिचकली. हा उन्माद आहे, वेड आहे, असेही म्हटले गेले. बाईंनी आपल्या ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेतून उत्तर दिले. त्याचा मथितार्थ असा, की इथल्या लोकांनी आपल्या रीतीने रडावे, आपल्या रीतीने आनंद करावा. विलायती शिस्तीत तो बसला नाही म्हणून खोटा ठरत नाही. आम्हांला हे पटते. ज्या मुलींनी आईबापांची प्रेते रस्त्याच्या कडेला पाहिली होती त्यांनी देवापुढे हलक्या आवाजात बोलावे, ही अपेक्षाच मुळी चमत्कारिक होती.

ही वार्ता दूरवर गेली. १९०६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे असाच प्रकार झाला आणि तेथून नवे पंथ निघाले. केडगावचे दिवस त्याच्या आधीचे आहेत हे ध्यानात ठेवावे. एब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिली देशात त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या, श्रीमती हूव्हर यांच्या, घरी पोहोचली, आणि १९०९ साली वाल्पाराइसो येथील मंडळीत संजीवन झाले. त्या पुस्तिकेच्या मुळाशी एकच घाई आहे : प्रभू येणार आहे, त्याच्या आधी सर्वांना वर्तमान कळले पाहिजे.

मग केडगावात लोक हात जोडून बसले का? याचे उत्तर तिथल्या दिवसाच्या कामात आहे. विहिरी खणल्या गेल्या, बागा लावल्या गेल्या. दळणकांडण, विणकाम, तेलघाणा, गोठा, सगळे बायकांच्या हातांनी. आंधळ्यांसाठी बार्तमी सदन होते, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. प्रचाराला जाणाऱ्या मुलींच्या तुकड्याही पाळीपाळीने गावोगाव जात, पण मागे राहिलेल्या शेतात आणि मागावर असत. मत्तयाच्या शुभवर्तमानात दहा कुमारींचा दृष्टान्त आहे : वर यायला उशीर झाला, आणि ज्यांनी तेल भरून ठेवले होते त्यांचेच दिवे जळत राहिले. तेलघाणा चालवणाऱ्या मुलींना हा दृष्टान्त कोणी फोडून सांगण्याची गरज नसावी.

याच काळात नारायण वामन टिळक निराळ्या अंगाने त्याच आशेकडे जात होते. १९१७ साली मिशनचे काम सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य त्यात एकत्र बसावेत म्हणून. टिळकांना राज्य आजच्या अंगणात उतरलेले हवे होते. रमाबाईंची नजर क्षितिजावर होती आणि हात कामात होते. दोघांच्या स्वभावांतला हा फरक मोठा रम्य आहे. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. असो.

मुक्तीच्या कामांपैकी सर्वांत लांबलेले काम बायबलच्या भाषांतराचे. चालू मराठी भाषांतर साध्या खेडवळ बाईला कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. त्यांनी मूळ भाषांतून, म्हणजे इब्री आणि ग्रीक शिकून, सबंध ग्रंथ मराठीत आणायचे ठरवले, आणि सुमारे अठरा वर्षे त्यात घातली. छापखाना मुक्तीतच होता. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र फिरवणाऱ्या, पाने शिवणाऱ्या साऱ्या स्त्रियाच. त्यांच्यातल्या कित्येकींनी अक्षर पहिल्यांदा पाहिले ते केडगावी आल्यावर. प्रभू कोणत्याही दिवशी येईल असे मानणाऱ्या बाईने अठरा वर्षे पुरेल असे काम हाती घ्यावे, यात वरवर विसंगती दिसेल. आम्हांला तीत विसंगती दिसत नाही. चाकरांना धनी आल्यावर हिशेब द्यायचा असतो, आणि भाषांतर हा बाईंचा हिशेब होता.

तो पुरा होण्याआधी त्यांची एकुलती एक मुलगी गेली. मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. मुक्तीची सगळी भिस्त त्यांच्यावर होती. १९२१ च्या जुलैत त्या वारल्या तेव्हा रमाबाईंचे वय त्रेसष्ट, कानांना ऐकू येणे पार मंदावलेले. शोक करायलाही फार वेळ त्यांनी घेतला नाही. मुद्रिते तपासणे चालूच राहिले. शेवटची मुद्रिते संपवण्यापुरते दहा दिवस त्यांनी देवाकडून मागून घेतले, अशी आठवण सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. काम तोवर पुरे झाले होते.

ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. बायबलातले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण, आणि त्याच्या अगदी अखेरीस प्रभूने लवकर यावे अशी विनवणी आहे. त्या ओळीचे खिळे केडगावच्या बायकांनी, छापखान्याच्या रीतीप्रमाणे, उलटे वाचून एकेक करून जुळवले होते.