ओस्टियातली कबर आणि आपली आशा

मृत्यू झालेल्या घरी सांत्वनाला गेलो की दोन वाक्ये आमच्या कानी हमखास पडतात. पहिले भेटायला आलेल्यांचे असते : "रडू नका, ते प्रभूकडे गेले आहेत." दुसरे घरातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे असते : "गावी नेता आले असते तर बरे झाले असते, आईबापांच्या शेजारी जागा होती." आपल्यापैकी अनेकांची घराणी नोकरीधंद्यासाठी नगर-जालन्याकडून निघून बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी स्थिरावली. त्यामुळे एकाच घरातल्या कबरी चार गावांत असतात. पहिल्या वाक्याने शोक करणाऱ्याला वाटते, आपले रडणे म्हणजे अविश्वास. दुसऱ्याने वाटते, आपले माणूस परक्या मातीत एकटे पडले.

बंधुभगिनींनो, या दोन्ही दुःखांविषयी ख्रिस्तसभेच्या इतिहासात एक जुनी साक्ष आहे. ती संत मोनिकेच्या मृत्यूची. २७ ऑगस्टला आपण तिचा सण पाळतो आणि दुसऱ्याच दिवशी तिचा मुलगा संत ऑगस्टीन याचा. मोनिकेच्या प्रार्थना आणि मुलासाठी तिने गाळलेले अश्रू आपण नेहमी ऐकतो. तिच्या मरणानंतर मुलाने गाळलेल्या अश्रूंबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' या आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात ते स्वतःच लिहून ठेवले आहेत.

साल ३८७. त्या वर्षीच्या पुनरुत्थान सणाला मिलानमध्ये संत अ‍ॅम्ब्रोज यांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच्याबरोबर त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा अदेओदातुस याचाही झाला. आईने ज्यासाठी आयुष्यभर प्रार्थना केली ते मिळाले होते. आता सगळे कुटुंब आफ्रिकेतल्या आपल्या गावी, तागास्तेला परतायला निघाले. आजच्या अल्जेरियात ते गाव सूक अहरास या नावाने ओळखले जाते. जहाजाची वाट पाहत ते रोमजवळ टायबर नदीच्या मुखाशी असलेल्या ओस्टिया बंदरात थांबले. तिथे मोनिकेला ताप भरला. नवव्या दिवशी ती प्रभूघरी गेली. तिला छप्पन्नावे वर्ष चालू होते आणि ऑगस्टीनला तेहतिसावे.

मोनिकेचा नवरा पात्रिशियुस आधीच वारला होता. त्याच्या शेजारीच आपल्याला पुरावे म्हणून तिने स्वतःसाठी जागा करून ठेवली होती आणि तिची तिला फार काळजी असे. म्हणून आजारपणात तिचा दुसरा मुलगा नाविगियुस म्हणाला की आईने परदेशात न मरता मायदेशी मरावे तर बरे. आपल्या घरातले वडीलधारे माणूस जे म्हणते, नेमके तेच. पण आता मोनिकेने त्याच्याकडे नाराजीने पाहिले. हे शरीर कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, असे तिने मुलांना सांगितले. एकच मागणे केले : जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. त्याआधी ओस्टियातच मुलाच्या मित्रांनी तिला विचारले होते, घरापासून इतक्या दूर देह ठेवायची भीती वाटत नाही का? तिच्या उत्तराचा आशय असा होता की देवाला कोणतीच जागा लांब नाही. शेवटच्या दिवशी मला कुठून उठवायचे हे त्याला कळणार नाही, अशी भीती मी का बाळगू?

मरणाच्या दारात उभ्या असलेल्या एका बाईचे हे बोलणे आहे. तिने पुनरुत्थानावर प्रवचन दिले नाही. आयुष्यभर जपलेली कबरीची जागा तिने सहज सोडून दिली, कारण जो उठवणार आहे त्याला आपला पत्ता माहीत आहे याची तिला खात्री होती.

आता रडण्याविषयी. आईचे डोळे ऑगस्टीनने स्वतः मिटले. त्याच क्षणी अदेओदातुसने आजीसाठी हंबरडा फोडला आणि मोठ्यांनी त्याला गप्प केले. एका मित्राने स्तोत्रसंहिता घेऊन स्तोत्र म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्या घराने साथ दिली. ही बाई दुःखात मेली नाही, ती पूर्णपणे मेलेलीच नाही, मग आक्रोश कशाला, असे त्या सर्वांना वाटत होते. ऑगस्टीन आतून फाटत होता, पण डोळे कोरडे ठेवले. कबरीशेजारी देह ठेवून तिथल्या रीतीप्रमाणे ख्रिस्तयाग झाला, तेव्हाही तो रडला नाही. स्नानाने दुःख हलके होते असे ऐकून त्याने स्नान केले, पण काही उपयोग झाला नाही. मग झोपला. जाग आल्यावर एकटाच असताना संत अ‍ॅम्ब्रोज यांचे एक गीत त्याला आठवले, आईची माया आठवली, आणि इतका वेळ अडवलेले पाणी त्याने वाहू दिले. पुढे हे लिहिताना तो वाचकाला विनवतो की आईसाठी मी तासाचा थोडा भाग रडलो यात कोणाला पाप दिसले, तर त्याने मला हसू नये. त्याच्यात प्रीती असेल तर माझ्या पापांसाठी त्यानेही रडावे.

ख्रिस्तसभेचा एवढा मोठा आचार्य असे लिहितो, तर मग आपल्या मृताच्या घरी डोळे पुसणाऱ्या आईला आपण कोणत्या अधिकाराने गप्प करावे?

प्रेषित पौलानेही गप्प केले नव्हते. इसवी सन ५० च्या सुमारास थेस्सलनीकाच्या नव्या मंडळीत काही जण वारले. प्रभू येण्याआधीच ते गेले, आता त्यांचे काय होणार, या विचाराने मागे राहिलेले हवालदिल झाले. पौलाने त्यांना पत्र लिहिले. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच त्याचे म्हणणे. शोक करूच नका, असे तो म्हणत नाही. येशू मेला आणि उठला, म्हणून त्याच्यामध्ये निजलेल्यांनाही देव उठवील, हा त्याचा आधार आहे. आणि स्वतः प्रभू? लाजराला उठवायचे हे ठरवूनच तो बेथानीला गेला होता, तरी मरीयेचे रडणे पाहून तोही रडला.

याच आशेने पहिल्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला ग्रीक भाषेत 'झोपण्याची जागा' अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजीतला 'सेमेटरी' शब्द त्यातूनच आला. आपल्याकडेही निधनवार्तेत 'प्रभूमध्ये निद्रिस्त' लिहितात आणि गेलेल्याच्या नावाआधी 'ख्रिस्तवासी' लावतात. हे शब्द सवयीने लिहिले जातात, पण त्यांचा अर्थ मोठा आहे : निजलेल्याला उठायचे असते.

मोनिकेच्या घराण्याच्या कबरींचे पुढे काय झाले ते पाहा. नवरा आफ्रिकेत राहिला. तिला ओस्टियात पुरले. १४३० मध्ये तिचे अवशेष रोमला नेले आणि आज ते संत ऑगस्टीनच्या नावाच्या मंदिरात आहेत. तिच्या कबरीवरच्या शिलालेखाचा एक तुकडा १९४५ मध्ये ओस्टियात खेळासाठी खांब पुरायला खड्डा खणणाऱ्या मुलांना सापडला. नातू अदेओदातुस आफ्रिकेत परतल्यावर थोड्याच वर्षांत कोवळ्या वयात गेला. ऑगस्टीन ४३० मध्ये हिप्पो शहराला वेढा पडलेला असताना वारला आणि त्याचे अवशेष आता उत्तर इटलीत पाविया येथे आहेत. एका घरच्या माणसांची ही अशी पांगापांग. तरीही दरवर्षी २७ आणि २८ ऑगस्टला आई आणि मुलगा वेदीपाशी शेजारी शेजारी येतात.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही असे एक आयुष्य आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दक्षिणेत दुष्काळाच्या दिवसांत गेले, भाऊ १८८० मध्ये गेला आणि पती १८८२ मध्ये पटकीने. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. एकुलती एक मुलगी मनोरमा केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांचा उजवा हात झाली. ती १९२१ च्या जुलैत गेली. त्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम संपत आले होते. त्यांनी ते पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूघरी गेल्या. जी मुलगी त्यांची वारस व्हायची, तिला निरोप देऊन ती आई पुन्हा पुनरुत्थानाची वचने असलेल्या त्याच पानांकडे वळली.

म्हणून आमची नम्र विनंती. यापुढे मृत्यू झालेल्या घरी गेलो तर प्रथम शेजारी बसू या आणि रडणाऱ्याला रडू देऊ या, विशेषतः मुलांना. स्तोत्र म्हणायची वेळ त्यानंतर येईल. ज्यांच्या माणसांच्या कबरी दूर आहेत, ज्यांना करोनाच्या काळात शेवटचे दर्शनही झाले नाही, त्यांनी मोनिकेचे मागणे आठवावे. २ नोव्हेंबरला किंवा आपल्या मंडळीत मृतांचे स्मरण होते त्या दिवशी, त्या माणसाचे नाव प्रार्थनेत घ्यावे. तिकडच्या कबरीवर मेणबत्ती लावता आली नाही तरी हे स्मरण कमी पडत नाही.

हे प्रभू येशू, लाजराच्या कबरीपाशी तू रडलास आणि त्याला हाकही मारलीस. आमची माणसे जिथे जिथे निजली आहेत ती प्रत्येक जागा तुला ठाऊक आहे. आमचे अश्रू स्वीकार, आणि तुझ्या हाकेची वाट पाहायला आम्हांला शिकव. आमेन.