बवासीर, शियाफ आणि आपली लाज

उभे राहून नमाज जमत नसेल तर बसून पढावी, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून पढावी, हा मसला आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो. तो कोणत्या आजारातून निघाला, हे मात्र मी विचारतो तेव्हा बहुतेक जण गप्प होतात. सहीह बुखारीत हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची रिवायत आहे. त्यांना बवासीर होती, म्हणजे आपली मूळव्याध. म्हणून त्यांनी प्रेषितांना (स.) नमाजीबद्दल विचारले आणि हे उत्तर मिळाले. त्यांनी आजाराचे नाव लपवले नाही. त्या एका प्रश्नामुळे चौदाशे वर्षे आजारी माणसांची सोय झाली.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांच्या मागे लागण्याची खोड आहे. ‘बवासीर’ हे अरबी ‘बासूर’चे अनेकवचन. संस्कृतात याला ‘अर्श’ म्हणतात. सुश्रुताने अर्शावर चार उपाय सांगितले: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. अब्बासी काळात यह्या बिन खालिद बरमकी या वजिरासाठी मनका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहिता अरबीत आणली. ही ज्ञानाची देवघेव युनानी दवाखान्यातल्या बरणीवर आजही दिसते. ‘इत्रीफल’ हे नाव वाचा. ती आपली त्रिफळाच! अरबीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून आधी ‘इ’ लागला. आपल्याकडची मुले ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणतात, तसेच. त्यातले हिरडा, बेहडा आणि आवळा आपल्या गोंदियाच्या जंगलातही मिळतात. युनानीत त्यांची नावे हलेला, बलेला, आमला. इत्रीफलात मुक्ल, म्हणजे गुग्गुळ, मिसळला की ‘इत्रीफल मुकिल’ होते. हकीम ते बवासीरवर देतात.

आता वातीबद्दल. गुदद्वारात ठेवायच्या औषधी वातीला युनानीत ‘शियाफ’ म्हणतात, आयुर्वेदात ‘फलवर्ती’. जिथे दुखते तिथेच औषध पोहोचवायचे, हा विचार दोन्हीकडे एकच. बाराव्या शतकात मिसरमध्ये मुसा बिन मैमून या यहुदी हकिमाने बवासीरवर सात प्रकरणांची अरबी पुस्तिका लिहिली. ते सलाहुद्दीन अय्युबी यांच्या दरबाराशी जोडलेले होते. पुस्तिका एका उमराव घराण्यातल्या तरुणासाठी होती. त्यात आहारावर भर आहे आणि शस्त्रक्रियेबाबत सावधगिरी.

फ्रान्समध्ये १७६२ साली आंत्वान बोमे या औषधशास्त्रज्ञाने वातीसाठी कोको बटर सुचवले. ते खोलीत घट्ट राहते आणि शरीराच्या ३७ अंशांच्या उबेत विरघळते. आजच्या सपोझिटरीचे तत्त्व हेच. म्हणून गोंदियाच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास गेला की, ती पाकिटातच मऊ होते. वेष्टन न काढता थोडा वेळ थंड पाण्यात धरली की पुन्हा घट्ट होते.

वातीत बधिर करणारे, खाज किंवा सूज कमी करणारे औषध असते. तिने आराम पडतो, पण कोंब नाहीसे होत नाहीत. स्टेरॉइड असलेली वात तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसेंदिवस वापरू नये. मूळ उपाय भाजी, कडधान्ये, भरपूर पाणी आणि शौचाला जोर न करणे हाच.

खरी अडचण औषधाची नाही, लाजेची आहे. दिवसभर एका जागी बसून विड्या वळणाऱ्या, रोपणीत चिखलात वाकणाऱ्या आपल्या आयाबहिणी रक्त पडले तरी घरात बोलत नाहीत. पुरुष बोलतात, पण बसस्थानकाजवळच्या ‘शर्तिया इलाज’च्या फलकाशी. तिथे कोण काय टोचतो आणि काय जाळतो, कुणी विचारत नाही. शौचातून पडणारे रक्त प्रत्येक वेळी मूळव्याधीचेच असते असे नाही. आतड्याचा कर्करोगही तसाच सुरू होऊ शकतो, आणि तपासल्याशिवाय फरक कळत नाही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

हया ईमानचा भाग आहे, हे खरे. पण हया म्हणजे दुखणे दडवणे नव्हे. ज्या आजाराचे नाव हदीसच्या किताबात उघड लिहिले आहे, त्याचे नाव डॉक्टरसमोर घ्यायला आपण का लाजावे?