एक्स३ : टोन न ऐकता नंबर लावण्याची कुळकथा

कर्नाटकातल्या भालकीचा एसटीडी कोड ०८४८४, महाराष्ट्रातल्या उदगीरचा ०२३८५. सोयरिकी दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, पण मध्ये कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा. टोन मात्र दोन्ही गावांत एकच. रिसीव्हर उचलला की कानाला लागणारी ती घरघर ४०० हर्ट्झची, आणि तिच्यावर २५ हर्ट्झचं कंपन चढवलेलं. बिदर, कलबुर्गी, लातूर, मुंबई, सगळीकडे हीच. अमेरिकेत डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र. एवढ्याशा फरकापायी फोनच्या तारेवरून इंटरनेट लावणाऱ्या इथल्या लिनक्सवाल्यांना मॉडेमची 'एक्स३' ही आज्ञा पाठ करावी लागली.

मॉडेमला आज्ञा देण्याची भाषा १९८१ साली आली. त्याआधी बहुतेक ठिकाणी माणूस हाताने नंबर फिरवायचा आणि पलीकडून शिट्टी ऐकू आली की रिसीव्हर यंत्राच्या रबरी वाट्यांत बसवायचा. डेनिस हेज यांच्या कंपनीच्या स्मार्टमॉडेमने हा हात काढून टाकला. ज्या तारेतून मजकूर जातो त्याच तारेतून हुकूमही पाठवायचा, आणि हुकूम ओळखू यावा म्हणून सुरुवातीला 'एटी' ही दोन अक्षरं लावायची. एटीडीटी म्हणजे टोनने नंबर लाव, एटीडीपी म्हणजे जुन्या चकतीसारखा पल्सने लाव. दुसऱ्या कंपन्यांनी हीच भाषा उचलली आणि ती जगभर रूढ झाली.

या भाषेतलं 'एक्स' हे अक्षर मॉडेमने लाइनवर काय काय ऐकावं ते ठरवतं. एक्स४ असेल तर तो आधी डायल टोनची वाट पाहतो, नंतर एंगेज टोनही ओळखतो. एक्स३ असेल तर डायल टोनची वाट न पाहता थेट नंबर लावतो, एंगेज टोन मात्र ऐकतो. कचेऱ्यांच्या खासगी एक्स्चेंजचा टोन वेगळा असायचा, तिथे ही सोय उपयोगी पडे. कारखान्यातून बहुतेक मॉडेम एक्स४ वर लावून येत, आणि त्यांचा कान अमेरिकी टोनला सरावलेला असे.

इकडे आपल्या लाइनांची गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि खेड्यांसाठी १२८ पोर्टांचं, एसीशिवाय चालणारं एक्स्चेंज तिने बनवलं. त्यातलं पहिलं १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. सीमाभागातल्या माणसाने अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही आधी महानगरांत. ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी आली आणि तिच्या संचारनेट या इंटरनेट सेवेचा १७२२३३ हा नंबर जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांच्या तोंडी झाला.

इंटरनेट तारेतून आलं, पण लिनक्स तारेतून येण्यासारखी नव्हती. ३३.६ केबीपीएसच्या लाइनवर ७०० एमबीची सीडी उतरवायची तर लाइन एकदाही न तुटता दोन दिवस लागले असते. म्हणून ती मासिकासोबतच्या सीडीवर यायची, आणि २००४ नंतर उबुंटूच्या फुकट सीड्या टपालाने येऊ लागल्या.

सीडी घातली, लिनक्स बसली, की डब्ल्यूव्हीडायल हा नंबर लावणारा प्रोग्राम चालवायचा. पडद्यावर उत्तर येई : 'नो डायलटोन'. रिसीव्हर कानाला लावावा तर टोन खणखणीत. माणूस लिनक्सला दोष देई किंवा टेलिफोन खात्याला. दोघंही निर्दोष असत. मॉडेम परदेशी टोनची वाट पाहत बसलेला असे. विंडोजमध्ये 'डायल टोनची वाट पाहा' या चौकटीतली खूण काढली की काम भागे. लिनक्समध्ये तेच काम ईटीसी फोल्डरातल्या डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून करायचं : इनिट३ = एटीएक्स३. मला ही दुसरी पद्धत अधिक मोलाची वाटते. ओळ लिहिणाऱ्याला मॉडेम, एक्स्चेंज आणि संगणक या तिघांपैकी कोण अडलंय ते शोधावंच लागे.

ते शोधण्याचा क्रमही ठरलेला होता. आधी मॉडेमशी थेट बोलण्याचा मिनिकॉम हा प्रोग्राम उघडून नुसतं 'एटी' टाइप करायचं. 'ओके' आलं तर मॉडेम जिवंत. काहीच आलं नाही तर पोर्ट चुकलंय, किंवा तो विनमॉडेम आहे. विनमॉडेममध्ये अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवलेलं असे, त्यामुळे ल्यूसेंट, कोनेक्झंट वगैरे चिपांसाठी वेगळे ड्रायव्हर शोधावे लागत. बाहेरून सिरियल पोर्टला जोडायचा मॉडेम महाग, पण बिनघोर.

एक्स३ नेही कधी कधी भागत नसे. टोन न ऐकता नंबर लावायचा तर मॉडेम मुळात दोनच सेकंद थांबतो. एक्स्चेंजने टोन द्यायला याहून उशीर केला की पहिला आकडा हवेत जातो आणि नंबर चुकतो. त्यावर एस६ या रजिस्टरात दोनाऐवजी पाच लिहायचे. एक्स३ सांगणाऱ्याने एस६ सांगितलं नाही तर उपाय अर्धाच राहतो.

पुढचा अडथळा 'कनेक्ट' दिसल्यानंतरचा. डब्ल्यूव्हीडायल पलीकडून लॉगिनचा प्रश्न येईल म्हणून थांबे, आणि पलीकडचा सर्व्हर थेट पीपीपी ही जोडणीची भाषा बोलण्याची वाट पाहत असे. तेव्हा फाइलमध्ये 'स्टुपिड मोड' चालू करायचा, म्हणजे प्रश्नाची वाट न पाहता पीपीपी सुरू. तेही जमलं आणि तरी पान उघडत नसेल, तर नेमसर्व्हरचे पत्ते रिझॉल्व्हच्या फाइलमध्ये आलेत का ते पाहायचं.

नंतर मोबाइल इंटरनेटचे यूएसबी डोंगल आले. त्यांच्यावर नंबर लावायचा तो *९९#, किंवा सीडीएमए असेल तर #७७७. तिथे डायल टोन नावाची चीजच नाही, पण भाषा तीच एटीची. मोबाइल जाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही ती घेतलेली आहे, आणि ४जीच्या मॉड्यूलला आजही 'एटी' म्हटलं की 'ओके' येतं. डोंगलसाठी लोकांनी डब्ल्यूव्हीडायलच्या जुन्याच फाइली वापरल्या, त्यामुळे इनिट२ च्या ओळीत 'एफक्लास=०' ही फॅक्स-मॉडेमच्या काळातली आज्ञा ३जीच्या जोडणीतही दर वेळी जात राहिली.