माकडताप आणि अरण्यातील लहान प्राणी

इ. स. १९५७ च्या प्रारंभी तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगे जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर अरण्यात वानरे व माकडे मरून पडू लागली. लगतच्या गावांतील माणसांनाही तीव्र ज्वर येऊन त्यांपैकी काही दगावली. मर्कटमृत्यूंमुळे तज्ज्ञांच्या मनात प्रथम पीतज्वराची शंका आली, आणि हा रोग तेव्हा भारतात कोठेही नसल्यामुळे ती शंका भयावह होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (स्थापना १९५२) टेलफर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी विषाणू वेगळा केला. तो निघाला रशियातील गोचीडजन्य मस्तिष्कज्वराच्या कुळातला. मग शिमोग्यात तो आला कोठून? स्थलांतरी पक्ष्यांनी उत्तरेकडून आणला असावा, असा तर्क काही काळ चालला. त्यास पुरावा मात्र लाभला नाही.

स्थानिक लोकांनी रोगाला 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार, असे नाव दिले. हे नाव स्वाभाविक असले तरी काहीसे दिशाभूल करणारे आहे. माकड मरते म्हणून दिसते. परंतु जो प्राणी लवकर मरतो त्याच्या आधाराने विषाणू वर्षानुवर्षे कसा टिकेल?

हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही या रोगाची प्रमुख गोचीड. ती आयुष्यात तीन वेळा, तीन निरनिराळ्या प्राण्यांचे रक्त पिते. प्रौढ गोचीड बहुधा गुरांवर वा अन्य मोठ्या प्राण्यांवर पोसते. माणसाला मुख्यतः आठ पायांची अप्रौढ गोचीड चावते, आणि तिचा सुकाळ हिवाळा-उन्हाळ्यात असतो. अंड्यांतून विषाणू पुढील पिढीत जातो हे या जातीत सिद्ध झालेले नाही. तेव्हा सहा पायांच्या अळीला विषाणू बाधित प्राण्याच्या रक्तातूनच मिळावा लागतो.

येथे संशोधकांची दृष्टी जमिनीकडे वळली. पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर, काळा उंदीर, चिचुंद्री आणि तीन पट्ट्यांची खार यांना पकडून अभ्यासण्यात आले. त्यांपैकी काहींत विषाणू आढळला, आणि उंदीर-चिचुंद्रीवर पोसणाऱ्या इक्सोडीस वंशाच्या गोचिडींतही. त्यांचे अधिवास मात्र एक नव्हेत. रानउंदीर दाट अरण्यातला. चिचुंद्री अरण्यापासून घराच्या भिंतीपर्यंत सर्वत्र. खार रानात आणि बागायतीतही. या भिन्न अधिवासांमुळेच कोणा एका प्राण्यावर 'मूळ आश्रयदाता' असा शिक्का मारणे संशोधकांना जमले नाही. तो वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाला ऐतिहासिक वळण दिले. अरण्य तोडून भातशेती झाली, गुरे रानाच्या कडेला चरू लागली, त्यांच्या अंगावर प्रौढ गोचिडी पोसल्या आणि त्यांची संख्या वाढली. रोग बाहेरून आला नसून, लहान प्राण्यांत निमूटपणे वावरत असलेला विषाणू माणसाच्या उद्योगाने उघडकीस आला, असा त्यांचा अभिप्राय. हे अनुमान सर्वस्वी सिद्ध नसले, तरी पक्ष्यांच्या तर्कापेक्षा ते बळकट आहे.

अनेक दशके कर्नाटकापुरता मानला गेलेला हा रोग पुढे २०१३ मध्ये केरळात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग-बांदा भागात प्रकटला. तेथे काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची लागण झाली. बाग हा अरण्य व गाव यांच्यामधला अधिवास, आणि उंदीर, खार, चिचुंद्री यांना तेथे मज्जाव नसतो. नाव मात्र तेथेही 'माकडताप' हेच रूढ झाले.