२८ ऑक्टोबर : तारापूरची वीज

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या ज्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांची होडी आणि वाडवळांची वाडी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तेथेच, तारापूरनजीक, अमेरिकेच्या सहकार्याने उभारलेल्या भारताच्या पहिल्या अणुविद्युत केंद्राचे दोन संच १९६९ साली आजच्या दिवशी व्यापारी तत्त्वावर कार्यान्वित झाले. अणुभट्टीत उकळलेल्या पाण्याची वाफच येथे थेट टर्बाइन फिरविते, आणि ती निवविण्याची चाकरी दर्याकडे! पुढे ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली आणि सरकारदफ्तरी ‘प्रकल्पग्रस्त’ या कोरड्या शब्दाखाली नोंदली गेली. ते संच २००५ व २००६ साली सुरू झाले. गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचा कज्जा मात्र उच्च न्यायालयापर्यंत गेला.